प्रकल्पाचा विषय आणि घरची वही

एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी आपली मुले-मुली ‘सोयाबीन उद्योगापुढील आव्हाने’ असा विषय घेतात. तो एका सत्रात पेलत नाही. प्रश्न मोजता येईल असा हवा : नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात ओलाव्यापोटी सोयाबीनचा भाव किती घटतो?

हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४-२५ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. यावरून प्रश्नाचे महत्त्व ध्यानी यावे.

हंगामात दर आठवड्याचा एक वार आधीच ठरवावा. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक मालाचा ओलावा, वजन व भाव नोंदवावा. सोयीच्या नोंदी वेचू नयेत. बँक कर्ज देताना केवळ अर्जदाराची वही पाहत नाही, गोदामातील मालही मोजते. त्याच न्यायाने शेतकऱ्यांच्या हातातील हिशेबपट्ट्याही पाहाव्यात.

कपात वाजवीपेक्षा अधिक आहे, असा निष्कर्ष आपल्याच दुकानाविषयी निघू शकतो. म्हणून काम आरंभण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांनी शब्द द्यावा : आकडे बदलण्यास आम्ही सांगणार नाही. एवढा शब्द मिळत नसेल, तर विषय बदललेला बरा.