ज्यूरी बदनाम, साप्ताहिक नामानिराळे

नानावटी खटल्यामुळे भारतातली ज्यूरी पद्धत बंद झाली, हे विधान इतक्यांदा लिहिले गेले आहे की ते तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. विधी आयोगाने ज्यूरी रद्द करण्याची शिफारस १९५८ सालीच केली होती. मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या २७ एप्रिल १९५९ रोजी. मग सारे खापर ज्यूरीच्याच माथी का?

रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’कडे कोणी बोट दाखवीत नाही म्हणून! नौदलाचे कमांडर कावस नानावटी म्हणजे घराच्या अब्रूसाठी उभा ठाकलेला वीर आणि आहुजा म्हणजे पैशाने माजलेला लंपट, हे चित्र या साप्ताहिकाने अंकामागून अंक काढून रंगवले. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. रस्त्यावर ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हरे’ आली. वस्तुतः तो टॉवेल पुराव्याचा भाग होता. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या असतील, तर नुकतेच स्नान करून आलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल जागेवर कसा राहिला, हा सरकार पक्षाचा सवाल होता. बाजाराने त्याची थट्टा केली.

वृत्तपत्राने केवळ लोकभावनेचा आरसा धरला, असा बचाव केला जातो. आरशाची किंमत आठपट होत नाही. खटला चालू असताना मृताच्या चारित्र्याचाच निवाडा छापला जात होता, आणि त्याला उत्तर देण्यास मृत हजर नव्हता.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जे निघाले ते सहसा सांगितले जात नाही: ‘अपघात’ सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, हे न्यायाधीशांनी ज्यूरीला नीट सांगितलेच नव्हते. म्हणजे त्या नऊ जणांना बाहेरून साप्ताहिकाने पढवले आणि आत कायदा अर्धवट कळला.

११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली. राज्यपालांनी त्याच दिवशी शिक्षेला स्थगिती दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खुनाचा दोष कायम केला. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.