घ्यायचे नाही, पाहायचे आहे!

घड्याळांच्या मोठ्या दुकानात शिरणाऱ्या माणसांचे सरळ दोन वर्ग पडतात. एक घेणाऱ्यांचा, दुसरा पाहणाऱ्यांचा. घेणारा अर्ध्या तासात बाहेर पडतो; पाहणाऱ्याला अख्खी दुपार पुरत नाही. मी दुसऱ्या वर्गातला, आणि साठी उलटल्यावर वर्ग बदलण्याचा माझा विचार नाही. आमच्या वणीत लाखालाखाची घड्याळे काचेत मांडून कोणी बसत नाही. पण नागपूरला कामाने किंवा मुंबई-पुण्याला नातेवाइकांकडे गेलो, की यंदा नवे काय आले ते पाहिल्याशिवाय माझा पाय निघत नाही. ‘‘घ्यायचे नाही, तर त्या दुकानदाराला त्रास कशाला?’’ हा आमच्या सौ.चा प्रश्न. प्रश्न रास्त आहे.

माझा जीव जडला आहे तो स्पोर्ट्स वॉचवर. ही घड्याळे मिरवण्यासाठी जन्मली नाहीत, गरजेपोटी जन्मली. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली ‘रिव्हर्सो’ निघाले. डबी फिरवली की तबकडी आत आणि पोलादी पाठ बाहेर! १९५३ साली फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी ब्लाँपँने ‘फिफ्टी फॅदम्स’ केले. रोलेक्सचे ‘सबमरीनर’ही त्याच सालचे. मोटारींच्या शर्यतींसाठी १९५७ साली निघालेले ओमेगाचे ‘स्पीडमास्टर’ १९६९ साली ऑल्ड्रिनच्या हातावर बसून थेट चंद्रावर गेले.

त्याच १९६९च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे, म्हणजे सेलवर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि सारा हिशेबच बदलला. प्रमाणपत्र मिळवलेले उंची स्विस यंत्र दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे असले, तरी ते उत्तीर्ण. फुटपाथवरचे सेलचे घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंदच चुकते! म्हणजे नुसती वेळच पाहायची, तर काही शे रुपयांत भागते. १९७२ साली ओदमार पिगेने ‘रॉयल ओक’ आणले. घड्याळ पोलादाचे आणि किंमत सोन्याच्या घड्याळाहून चढी! अवजाराचा दागिना झाला तो तेव्हापासून. आज ‘सबमरीनर’ दहा लाखांच्या आसपास आहे. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून एक टक्का प्राप्तिकर आगाऊ गोळा करावा, असा नियम २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. सरकारनेही घड्याळाची दखल घेतली म्हणायची.

आता बँकवाल्याच्या मनात येते ते सांगतो. आमचा जिल्हा कापसाचा. पाऊस आणि कापसाचा भाव यांवर इथली लग्ने ठरतात, घरे उभी राहतात आणि मोडतातही. काही हजारांच्या पीककर्जासाठी दिवसभर बाकावर बसून राहिलेली माणसे मी टेबलापलीकडून पाहिली आहेत. त्या माणसांमधून उठून जाऊन दहा लाखांच्या घड्याळाचे कौतुक करणे शोभते का?

मला वाटते, कौतुक शोभते. हव्यास शोभत नाही. नोकरीत दुसऱ्यांची लाखोंची रोकड माझ्या हातांखालून गेली. नोटा मोजायच्या, बंडल बांधायचे आणि संध्याकाळी तिजोरीत ठेवून रिकाम्या खिशाने घरी जायचे. ती सवय घड्याळाच्या काउंटरवर उपयोगी पडते. हातावर बांधून पाहावे, कड फिरवताना होणारी टकटक ऐकावी, पाठीच्या काचेतून हेलकावणारे चक्र न्याहाळावे, आणि ‘‘छान आहे हो’’ म्हणून परत द्यावे. गाण्याच्या मैफलीतून आपण तंबोरा घेऊन थोडेच घरी येतो? जाणकार गिऱ्हाईक घेणारे नसले, तरी चांगल्या विक्रेत्याला त्याच्याशी बोलायला आवडते. आधी चपलांकडे पाहून मग चेहऱ्याकडे पाहणारी दुकानेही आहेत. तिथून हसून बाहेर पडावे. आणि गंमत अशी, की काही नावाजलेली पोलादी घड्याळे काचेत असतात ती फक्त दाखवण्यासाठी. पैसे मोजायला तयार असलेल्यालाही ‘नाव नोंदवा, कळवू’ असे उत्तर मिळते. म्हणजे तिथे घेणाराही पाहणाराच!

काळजी वाटते ती तरुण मुलांची. पहिला पगार झाला न झाला, तोच हप्त्यांवर घड्याळ. ते परवडले नाही, तर हुबेहूब नक्कल. हप्त्यावर घर घ्यावे, शिक्षण घ्यावे. पण जे घड्याळ पाहताना वेळेऐवजी हप्त्याची तारीख आठवते, त्यात कसला आनंद? नकलेचे तर बोलायलाच नको. ती लोकांना फसवते की नाही कोण जाणे. बांधणाऱ्याला मात्र रोज आठवण करून देते.

अशा मुलांना मी घरातला खण उघडायला सांगतो. वडिलांना लग्नात मिळालेले एखादे एचएमटी तिथे हमखास सापडते. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरमध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याने ‘जनता’, ‘पायलट’ अशा घड्याळांनी आपल्या दोन पिढ्यांना वेळ शिकवली. हा घड्याळाचा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. पण चावीची घड्याळे अजून चालतात. डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळजी आता गावोगावी कमी होत चालले आहेत. ते आहेत तोवर एकदा तेलपाणी करून घ्यावे. मग खुशाल मोठ्या दुकानात जावे. मनगटावर स्वतःचे चालते घड्याळ असले, की काचेमागचे दहा लाखांचे घड्याळ मोकळ्या मनाने पाहता येते.