पोत्यातलं मांजर

सरप्राइज पार्टीची जय्यत तयारी झालेली असते आणि घरातले धाकटे चिरंजीव उत्सवमूर्तीलाच विचारतात, ‘संध्याकाळी केक कुठला आणायचा?’ मराठीत आपण कपाळावर हात मारतो आणि बिंग फुटलं म्हणतो. इंग्रज म्हणतो, पोराने पोत्यातलं मांजर बाहेर सोडलं.

हे मांजर पोत्यात शिरलं कसं? एक कथा बाजारातली. लबाड विक्रेता डुकराचं पिल्लू म्हणून पोत्यात मांजर बांधून द्यायचा आणि तोंड सोडलं की लबाडी उघडी पडायची. गिऱ्हाईक इतकं भोळं असेल का, ही शंका रास्त आहे, कारण पिल्लू काही म्याँव करत नाही. तरी न बघता पोत्यातलं डुक्कर घेऊ नये, ही म्हण इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे आणि अशा फसलेल्या खरेदीला फ्रेंच व जर्मन लोक ‘पोत्यातलं मांजर घेणं’ म्हणतात. म्हणजे कथेला थोडा तरी आधार आहे.

दुसरी कथा आरमारातली. खलाशांना फोडून काढणाऱ्या नऊ पदरी चाबकाला ‘कॅट ओ’ नाइन टेल्स’ म्हणत. काँग्रीव्हच्या १६९५ मधल्या ‘लव्ह फॉर लव्ह’ या नाटकात हे नाव येतं. चाबूक पिशवीत असे, हे खरं. पण तो बाहेर निघायचा सगळ्यांच्या देखत फटके द्यायला. त्यात गुपित कसलं?

छापील पुरावा सापडतो तो १७६० च्या ‘लंडन मॅगझीन’मध्ये. लेखकाने मांजर बाहेर सोडायला नको होतं, अशी तिथे एका परीक्षणकर्त्याची कुरकुर आहे. आजचा प्रेक्षक ‘स्पॉयलर’ म्हणून चिडतो, त्याच जातीची.

वापरातला खरा बारकावा पुढे आहे. जर्मन पुढारी आपला बेत जाहीर करतो, तेव्हा तोही मांजर पोत्यातून सोडतो, पण ठरवून. इंग्रजीत ते बहुतेकदा निसटतं: जीभ घसरते, निरोप भलत्याच ग्रुपवर जातो. गुपितही सहसा बेताचंच असतं, लग्न ठरल्याचं किंवा नोकरी सोडण्याचं. म्हणून घोटाळा बाहेर काढणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बातमीला हा वाक्प्रचार चिकटवला की खटकतं. त्याची जीभ घसरलेली नसते. परिणाम ओळखून, नोकरी पणाला लावून तो बोललेला असतो.