गुढीची मर्यादा आणि शेजाऱ्याचा उंबरठा

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा, शालिवाहन शकाचा वर्षारंभ. अभ्यंगस्नान उरकून घरोघरी वेळूच्या काठीस रेशमी वस्त्र, कडुलिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि फुलांची माळ बांधली जाईल, वर तांब्या पालथा घातला जाईल आणि ब्रह्मध्वजाचे पूजन होईल. परंतु आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक आहेत, आणि त्यांच्या दाराशी गुढीबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. स्वतःच्या कष्टाच्या पैशाने घेतलेल्या घरावर स्वतःचा ध्वज उभारावयास दुसऱ्याची अनुमती का लागावी? सणाच्या दिवशी हा विचार करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही. कारण गुढी हा ध्वज आहे, आणि ध्वज नेहमीच चारचौघांच्या दृष्टीसमोर उभारला जातो.

अमेरिकेतील नव्या वसाहतींत घर घेणाऱ्या गृहस्थाच्या पदरी बहुधा एका संघाचे सभासदत्वही पडते. तिकडे त्यास होमओनर्स असोसिएशन म्हणतात. आपण गृहस्वामी-संघ म्हणू. असे संघ आज साडेतीन लाखांच्या वर असून सात कोटींहून अधिक माणसे त्यांच्या नियमांखाली राहतात. वसाहत वसविणारा विकासक जमिनीच्या दस्तऐवजातच अटी लिहून ठेवतो, आणि त्या अटी जमिनीशी जोडलेल्या असल्यामुळे पुढे येणाऱ्या प्रत्येक खरेदीदारास बांधून टाकतात. हिरवळ किती वाढू द्यावी, भिंतीस रंग कोणता द्यावा, अंगणात खांब रोवावा की नाही, दारावर काय टांगावे, हे सारे त्यांत येते. नियम मोडला तर दंड, आणि प्रकरण वाढले तर न्यायालय. वसाहतीचे रूप एकसारखे राहिले म्हणजे सर्वांच्या घरांची किंमत टिकते, असे या अटींचे समर्थन केले जाते.

यावर कोणी विचारील की, त्या देशाच्या राज्यघटनेने विचार प्रकट करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, त्याचे काय झाले? त्याचे उत्तर असे की, ते बंधन सरकारवर आहे, खाजगी संघावर नाही. मिसूरी राज्यातील लाड्यू या गावी एका गृहिणीने आखाती युद्धाच्या काळात शांततेचे आवाहन करणारा एक लहानसा फलक आपल्या घराच्या खिडकीत लावला. नगरपालिकेचा नियम त्याआड आला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या गृहिणीच्या बाजूने निकाल दिला. घर ही माणसाची स्वतःची जागा, तेथून बोलण्याचा त्याचा अधिकार विशेष जपला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. परंतु जे नगरपालिकेस करता येत नाही, ते खाजगी करारान्वये संघास करता येते. कारण घर घेताना आपण त्या करारावर स्वाक्षरी केलेली असते.

हा पेच राष्ट्रध्वजापर्यंत पोहोचला तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसला त्यात लक्ष घालावे लागले. २४ जुलै २००६ रोजी अमलात आलेल्या कायद्याने असे ठरविले की, सभासदास स्वतःच्या ताब्यातील जागेत अमेरिकेचा राष्ट्रध्वज लावण्यास कोणत्याही निवासी संघाने मनाई करू नये. मात्र वेळ, जागा व पद्धत यांविषयी वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार त्याच कायद्याने संघाकडे राहू दिला. या ‘वाजवी’ शब्दात सारे भांडण शिल्लक राहिले.

त्याचा प्रत्यय २००९ साली आला. व्हर्जिनिया राज्यात रिचमंडजवळ कर्नल व्हॅन बारफुट नावाचे नव्वद वर्षांचे निवृत्त योद्धे राहत असत. १९४४ साली इटलीतील रणांगणावर केलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना त्या देशाचे सर्वोच्च वीरपदक मिळाले होते. त्यांनी घरापुढे एकवीस फुटांचा खांब रोवला. सूर्योदयास ध्वज चढवावा आणि सूर्यास्तास तो उतरवावा, असा त्यांचा नित्यनेम. संघाने त्यांना खांब काढण्यास सांगितले. संघाचे म्हणणे असे की, आमचा विरोध ध्वजास नाही, उंच खांबास आहे. घराच्या दर्शनी भागास तिरकी काठी लावून ध्वज लावावा. प्रकरण देशभर गाजले, आणि त्याच डिसेंबरात संघाने आपला आग्रह सोडला. २०१२ साली कर्नल बारफुट दिवंगत झाले.

या कथेत दोन्ही बाजूंना काही म्हणावयाचे होते, हे सुज्ञांच्या ध्यानी येईल. प्रत्येकाने हवा तसा खांब रोवला तर वसाहतीचे रानच व्हावयाचे. परंतु जो ध्वजाला रोज सूर्याबरोबर उठवतो आणि सूर्याबरोबर निजवतो, त्याच्या निष्ठेचे माप फुटपट्टीने घेता येत नाही. लोकांच्या रेट्यामुळे त्या वृद्ध वीराचा खांब राहिला. ज्याच्या छातीवर पदक नाही आणि ज्याच्या पाठीशी वृत्तपत्रे नाहीत, त्याने काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या शास्त्रकारांनी ध्वज हा कधीच बेबंद मानला नाही. महाभारताच्या आदिपर्वात चेदिदेशाचा राजा उपरिचर वसु याची कथा आहे. इंद्राने त्याला वेळूची यष्टी दिली. सज्जनांचे रक्षण व्हावे हा तिचा हेतू. राजाने ती वर्षाच्या अखेरीस भूमीत रोवून गंधपुष्पांनी पुजिली, आणि तेव्हापासून ती प्रथा चालत आली, असे व्यास सांगतात. गुढीचा संबंध याच कथेशी जोडला जातो. पुढे वराहमिहिराने बृहत्संहितेत इंद्रध्वजासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. लाकूड कोणते घ्यावे, माप किती असावे, उभारावे कसे, उभारताना तो पडला तर काय समजावे, याचे त्यात विवेचन आहे. तात्पर्य, ध्वजाला माप असावे, वेळ असावी, तो पक्का बांधलेला असावा आणि सन्मानाने उतरविला जावा, हे आपण कोणा संघाकडून शिकावयाचे नाही. आपली गुढी सूर्यास्तापूर्वी हळदकुंकू वाहून उतरविली जाते. एका दिवसाचा हा ध्वज कोणाच्या घराची किंमत कमी करील, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु २००६ चा तो कायदा अमेरिकेच्या राष्ट्रध्वजापुरता आहे. गुढीला त्याचे छत्र नाही. मग परदेशातील आपल्या मुलांच्या दाराचे रक्षण कोण करते? हे वाचकांनी नीट ऐकावे, कारण आजच्या निरूपणाचे सार येथेच आहे.

यहुदी लोक दाराच्या चौकटीवर मेझुझा नावाची एक लहानशी नळी बसवितात. तिच्यात त्यांच्या धर्मवचनांची गुंडाळी असते. शिकागो येथील एका इमारतीत २००१ साली नियम झाला की, दाराबाहेर कोणतीही वस्तू ठेवू नये. २००४ साली मार्गिकांची रंगरंगोटी झाल्यावर या नियमाच्या आधारे दारांवरील मेझुझा काढण्यास प्रारंभ झाला; त्याच नियमाखाली ख्रिस्ती कुटुंबांचे क्रूसही निघाले. एका यहुदी कुटुंबात मृत्यू घडला, आणि माणसे अंत्यविधीस गेली असता त्यांच्या चौकटीवरील खूण काढली गेली, असे त्या खटल्याच्या निकालपत्रात नमूद आहे. कुटुंब न्यायालयात गेले. आरंभी २००८ साली निकाल विरुद्ध गेला. त्यांनी धीर सोडला नाही. २००९ साली अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले की, नियम वरवर सर्वांना सारखा असला तरी तो एखाद्या धर्माच्या लोकांना हेतुपुरस्सर दुखविण्यासाठी राबविला गेला काय, हे १९६८ च्या गृहविषयक कायद्याखाली तपासलेच पाहिजे. दरम्यान शिकागो नगराने व इलिनॉय राज्याने दारावरील धर्मचिन्हांस संरक्षण देणारे कायदे केले. टेक्सास राज्याने २०११ साली दारावर पंचवीस चौरस इंचांपर्यंतचे धर्मचिन्ह लावू देण्यास संघांना भाग पाडले, आणि २०२१ साली ती मापाची अट काढून स्वतःच्या मालकीच्या जागेत श्रद्धेने मांडलेल्या धर्मवस्तूंस मोकळीक दिली. सुरक्षिततेस धोका नसावा, सामायिक जागा अडवू नये, अशा मर्यादा तेवढ्या ठेवल्या.

ह्यूस्टन-डॅलसकडील मराठी कुटुंब आज आपल्या अंगणात निर्धास्तपणे गुढी उभारते आणि शिकागोकडील गृहिणी दारास तोरण बांधते, त्यामागे कोणाची तरी झीज आहे. ती चौकट प्रथम आपण लढविली नाही. ज्यांच्या घरी सुतक होते, त्यांनी लढविली. हे ऋण होय, आणि ऋण फेडणे हा आपला धर्म आहे. हे यहुदी आपल्यास परकेही नाहीत. कोकणातील बेने इस्रायल मंडळी शतकानुशतके मराठी बोलत आली, त्यांच्या चौकटींवर हीच खूण असे, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या धर्मकथांवर मराठी कीर्तने रचली. कीर्तनकार म्हणून आम्हांस याचे विशेष अगत्य वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जमिनीला अटी चिकटविण्याची ही रीत अमेरिकेत एके काळी माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरली गेली. कृष्णवर्णीयांना, कित्येक ठिकाणी यहुद्यांना व आशियाई लोकांना घर विकू नये, असे दस्तऐवजांत लिहिलेले असे. अशा वांशिक अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, तेव्हा तो मार्ग खुंटला. म्हणून नियम सुंदर अक्षरात छापला आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो कोणावर पडतो ते पाहावे.

मग संघ आणि सभासद यांनी वागावे कसे? आमच्या वारकरी परंपरेत याचा उत्तम पाठ आहे. ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर शेकडो दिंड्या आणि असंख्य पताका चालतात, पण प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला असतो; कोणी कोणाच्या पुढे घुसत नाही. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सारा समाज निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचाच टाळ तेवढा वाजत राहतो. चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, आणि मगच आरती. शिस्त असावी ती अशी! एकाचा टाळ वाजत असताना सर्वांनी थांबावे. ज्या संघात हे घडते तेथील नियम आम्हांस शिरोधार्य. जेथे पत्र आणि दंड यांखेरीज दुसरी भाषा नाही, तेथील नियम कितीही कायदेशीर असला तरी तो शेजारधर्मास सोडून आहे.

परदेशस्थ मुलांना आमचे सांगणे एवढेच. घर घेण्यापूर्वी संघाचे दस्तऐवज वाचावेत. सणाच्या आधी लेखी अनुमती मागावी, आणि गुढी एका दिवसाची असते हे समजावून सांगावे. गुढी सामायिक मार्गिकेत न उभारता स्वतःच्या अंगणात वा सज्जात उभारावी. सभेस जावे, मंडळावर निवडून यावे, आणि सर्व धर्मांच्या अल्पकाळाच्या खुणांस मोकळीक देणारा नियम करून घ्यावा. केवळ आपल्यापुरती सवलत मात्र मागू नये.

आणि आता थोडे घरच्यांस. मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत आज व्यवस्थापक समितीवर बहुधा आपणच असतो. कोणाच्या दाराशी क्रूस, कोणाच्या सज्जात नाताळचा तारा, कोणाच्या गच्चीवर चाँदतारा, तर कोणाच्या खिडकीत निळे निशाण दिसले की, नियमपुस्तिका उघडण्याची घाई आपल्यालाच होते. शिकागोत ज्या नियमाने दुसऱ्याची चौकट रिकामी केली, तो नियम येथे आपल्या हातून लिहिला जाऊ नये. गुढीला जेवढी जागा आणि जेवढा वेळ आपण मागतो, तेवढी जागा व तेवढा वेळ शेजाऱ्याच्या खुणेस देणे, हेच उपरिचर राजाच्या त्या यष्टीचे, म्हणजे सज्जनांच्या रक्षणाचे व्रत होय. आज गुढीस नमस्कार करताना समोरच्या दाराकडेही क्षणभर दृष्टी वळवावी.

नूतन वर्ष सर्वांस, आपल्या घरच्यांस आणि शेजारच्यांस, सुखाचे, आरोग्याचे व सलोख्याचे जावो, अशी श्रीचरणी प्रार्थना आहे.