एका मिनिटात ‘एफ’चे शब्द

‘एफ’ या अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द एका मिनिटात सांगा. विशेषनामे आणि संख्या वगळून. स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मॉन्ट्रियल’ चाचणीतील हा एक प्रश्न. किमान ११ शब्द सांगितल्यास एक गुण. येथे शब्दसंग्रहाइतकीच मेंदूच्या पुढील भागाची शोधण्याची व निवडण्याची क्षमता पारखली जाते. परंतु मराठी माध्यमात शिकलेल्या आजी चौथ्याच शब्दावर अडखळल्या, तर उणीव बुद्धीची की इंग्रजीची?

वाचकहो, घरातील ज्येष्ठांची अशी तपासणी ठरली असेल, तर ती मराठीतून घेण्याची विनंती आधीच करावी. त्यांचे शिक्षण किती झाले, हेही आवर्जून सांगावे. घरी सराव मात्र करून घेऊ नये. पाठ केलेल्या शब्दांनी गुण वाढतील, निदान चुकेल.