पाटे बसले, म्हणून जादा पाटा नको

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातील जुन्या पिकअप गाड्या पाहिल्या, तर कित्येकींची मागची बाजू बसलेली दिसते. रात्री अशा गाडीचा दिवा वर उठून समोरच्याचे डोळे दिपवतो. "फादर, एक जादा पाटा टाकला की गाडी सरळ," असे मालक सांगतात. हा उपाय मला पटत नाही.

भार पेलतात ते कमानपाटे. शॉकॲब्सॉर्बर आतील तेलाच्या जोरावर पाट्यांची उसळी तेवढी आवरतात. म्हणून नुसते शॉक बदलून बसलेली गाडी उचलत नाही.

आधी कारण शोधावे. सपाट जागी, टायरांत योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. एकच बाजू खाली असेल, तर तुटलेला पाटा किंवा झिजलेला बुश सापडण्याचा संभव आहे. दोन्ही बाजू बसल्या असतील, तर पाट्यांची कमान गेली असे समजावे. मग मूळ मापाचे पाटे जोडीने बदलावेत, यू-बोल्ट नवे घालावेत व काही दिवसांनी पुन्हा आवळावेत. शॉक गळत असल्यास तेही जोडीने, मूळ लांबीचे घ्यावेत. रिकामी पिकअप मागून थोडी उंच असते, हा दोष नव्हे. माल भरल्यावर ती समपातळीत येते.

जादा पाट्याने गाडी उंच होते, पण ब्रेक, ॲक्सल व चासी यांची ताकद आहे तेवढीच राहते. गाडी सरळ दिसते म्हणून आणखी चार पोती चढतात. काही गाड्यांत मागील ब्रेकचा जोर गाडीच्या उंचीवरून ठरतो, तो हिशेबही चुकतो. रिकाम्या फेरीत ताठ पाट्यांचे हादरे थेट कंबरेत बसतात. चालकाची पाठदुखी नेहमीच वयाची नसते.

नोंदणीपत्रावर भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. त्यांतील फरक, माणसांसकट, हीच आपली मर्यादा. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये व वर दर जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा पाचवी आज्ञा मोठी आहे. उतारावर ब्रेक लागला नाही, तर जीव आपला जाईल किंवा शेजाऱ्याचा.

चढावर बैल अडला की आपले वाडवडील पोती उतरवीत, चाबूक उगारीत नसत. गाडीच्या बाबतीतही तोच विवेक ठेवावा. एक फेरी जास्त करावी, पण घरी सुखरूप यावे.