लाद्या किती लागतील : २५ की ३०?

पाचवीच्या गणितात ‘परिमिती व क्षेत्रफळ’ हा पाठ आला की एक उदाहरण ठरलेलंच. खोली इतकी लांब, इतकी रुंद, फरशी अमुक मापाची; तर फरश्या किती लागतील? खोलीचं क्षेत्रफळ भागिले एका फरशीचं क्षेत्रफळ. बाकी बहुतेक शून्य. उत्तराखाली रेघ ओढली की झालं. शिष्यवृत्तीच्या सरावातही हेच. माझं म्हणणं असं आहे की हे उदाहरण आपण अर्धंच शिकवतो, आणि जे अर्धं सोडून देतो तेच मुलांच्या घरी कामाला येतं.

आता खरी खोली घेऊ. कफ परेडच्या मच्छीमार नगरात, त्या उंच उंच टॉवरांच्या पायथ्याशी, ११ बाय ९ फुटांची खोली म्हणजे बऱ्यापैकी मोठी खोली. तिथल्या मुलांना ‘फरशी’ म्हटलं की आधी शहाबादी आठवते. घरात बसवतात ती ‘लादी’. (हा शब्द पुस्तकात नसला तरी वर्गात वापरायला काय हरकत आहे? मी वापरते.) लादी दोन बाय दोनची. पुस्तकी हिशोब : ११ × ९ = ९९ चौरस फूट, भागिले ४, म्हणजे पावणेपंचवीस. उत्तर २५.

हे २५ घेऊन दुकानात गेलात तर फसलात.

पहिली गोष्ट, ‘दोन बाय दोन’ची लादी दोन फुटांची नसते. खोक्यावर ६०० × ६०० मिमी छापलेलं असतं. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी. प्रत्येक लादीत जवळपास एक सेंटिमीटर कमी. मिलिमीटरमध्ये हीच खोली ३३५३ × २७४३ होते आणि त्याच भागाकाराचं उत्तर २५ऐवजी २६ येतं. एका लादीचा फरक, म्हणून सोडून द्यावंसं वाटेल. पण खरी गंमत कडेला आहे.

मुलांना चौकटीच्या वहीत खोली काढायला सांगा, एक चौकट म्हणजे एक लादी. लांबीत पाच अख्ख्या लाद्या बसतात, ३००० मिमी. उरतात ३५३. सांध्यांचे दहा मिमी आणि स्कर्टिंगखाली दोन्ही भिंतींना लपणारा सेंटिमीटर-सेंटिमीटर वजा केला तरी ३२३ उरतात. रुंदीत चार अख्ख्या बसून उरतात ३१५ च्या आसपास. दोन्हीकडे अर्ध्या लादीपेक्षा थोडं जास्त! अर्ध्याहून कमी लागलं असतं तर एका लादीतून दोन तुकडे निघाले असते. अर्ध्याहून जास्त लागतंय म्हटल्यावर कडेच्या प्रत्येक तुकड्याला नवी लादी कापावी लागणार. म्हणजे लांबीत सहा, रुंदीत पाच. सहा पंचे तीस.

पुस्तकाचं उत्तर २५, खोलीचं उत्तर ३०. खोली तीच.

चौकटी मोजून वेड्यावाकड्या आकृतीचं क्षेत्रफळ काढायची जी रीत आपण शिकवतो तिच्यात अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट पूर्ण धरतात आणि अर्ध्याहून कमी असलेली सोडून देतात. लादीच्या बाबतीत ‘सोडून देतात’ चालत नाही, तिथे खड्डा राहील. हा फरक मुलांना सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण अपूर्णांक कशासाठी असतात हे त्या पाच मिनिटांत जितकं कळतं तितकं फळ्यावरच्या छेद-अंशांतून कळताना मी पाहिलेलं नाही.

दुकानदार सांगतात, दहा टक्के जास्त घ्या. नियम चांगला आहे, पण तो हॉलसाठी. ९९ मध्ये दहा टक्के मिळवले तर १०९ चौरस फूट. खोक्यात चार लाद्या, म्हणजे सोळा चौरस फूट धरले तर सात खोकी, २८ लाद्या. आपल्याला हव्यात ३०. दहा मीटर बाय दहा मीटरचा हॉल घ्या : भागाकाराने २७८, चित्र काढून १७ × १७ = २८९. फरक चार टक्क्यांच्या आसपास, दहा टक्क्यांत आरामात बसतो. आपल्या खोलीत ३० पैकी १० लाद्यांना कटर लागतो, हॉलमध्ये २८९ पैकी ३३ लाद्यांना. लहान खोलीत मधल्या भागाच्या मानाने कडा जास्त, म्हणून नुकसानही जास्त. टक्केवारीचा नियम मोठ्या घरांच्या सोयीचा आहे आणि आपल्या वर्गातली बरीच मुलं छोट्या खोल्यांत राहतात. क्षेत्रफळ आणि परिमिती हे दोन वेगळे पाठ नव्हेत, हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

परिमितीवरून आठवलं, स्कर्टिंग! भिंतीच्या पायाशी चार इंची पट्टी लागते. खोलीची परिमिती ४० फूट, दाराचे तीन गेले, राहिले ३७ फूट. त्यासाठी वेगळ्या लाद्या घ्यायच्या? कापून उरलेले तुकडे बघा : २७५ मिमीच्या आसपास रुंद, ६०० लांब. एकातून १०० मिमीच्या दोन पट्ट्या. असे दहा तुकडे, म्हणजे वीस पट्ट्या, १२ मीटर. ३७ फूट म्हणजे सव्वाअकरा मीटर. जमलं! वर्गात हे गणित सुटतं तेव्हा पोरं अक्षरशः टाळ्या वाजवतात.

घ्यायची मात्र आठ खोकी, ३२ लाद्या. दोन फुटतुटीला. पालकांनो, इथे काटकसर करू नका. खोक्यावर बॅच आणि शेडचा नंबर असतो. महिन्याभराने त्याच दुकानात गेलात तरी तीच शेड मिळेलच असं नाही. लाद्या आणायला सी. पी. टँकपर्यंत टेम्पो करायचा तर दुसऱ्या फेरीचं भाडं वेगळं. ज्यांचं घर होडीवर चालतं त्यांच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात पैसा नसतो. अशा वेळी दोन लाद्यांसाठी काम अडलं तर कडियाची मजुरीही वाया जाते. कडिया अनुभवी असेल तर पलंगाखाली तुकडे जोडून वेळ मारून नेतो, हेही खरं.

काही शिक्षक मित्रांचा आक्षेप असतो : मुलं गोंधळतील, परीक्षेत ३० लिहून येतील. मला ही भीती पटत नाही. ससून डॉकच्या लिलावात आई ढिगाकडे नुसतं बघून बोली लावते, हे ज्या मुलाने पाहिलंय त्याला ‘हिशोबाचं उत्तर’ आणि ‘घ्यायचं किती’ यांतला फरक नवीन नाही. आपण दोन प्रश्न विचारावेत. क्षेत्रफळाने किती? दुकानात किती मागायच्या? पहिल्याला परीक्षेचे गुण. दुसऱ्याला वर्गात गुण द्यायचे ते कारणाला. एकजण तीस म्हणेल, एकजण बत्तीस. एखादी मुलगी विचारेल, ‘बाई, कापायला पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात केली तर?’ तिला वहीत काढून बघू द्या.

वेळ नाही, अभ्यासक्रम पुरा करायचाय, ही अडचण खरी आहे. मी सूत्राची चार सारखी उदाहरणं कमी करते आणि एक तास या चित्राला देते. घरून खोलीचं माप आणायला सांगताना एवढंच पाहते की कुणाची खोली किती मोठी, हे वर्गात मोठ्याने वाचलं जाणार नाही. मापं चिठ्ठीवर घ्यायची आणि चिठ्ठ्या मिसळून वाटायच्या.

पुढचा तास ओट्याच्या भिंतीच्या टाइल्सचा. खिडकीची जागा पूर्ण वजा करायची की नाही, यावरून दोन बाकांचं आत्ताच वाजलंय.